उजव्या हाताला दिसतो तो रक्तप्रवाह

स्वयंपाकघरातल्या टाइल्स वाकड्या दिसायला लागल्या तेव्हा मला वाटलं, भिंतच फुगली. जपानातल्या ग्योतोकुमधलं आमचं भाड्याचं घर तसं जुनं आणि भूकंपाचे लहानसहान धक्के इथे नेहमीचेच. नवऱ्याला हाक मारली. तो टाइल्सवरून हात फिरवून म्हणाला, "अगं, सरळ तर आहेत!" मी उजवा डोळा झाकून पाहिलं. खरंच सरळ होत्या. मग डावा झाकला, आणि सगळी भिंत लाटेसारखी वळली. सूज भिंतीला नव्हती, माझ्या उजव्या डोळ्याला होती.

मधुमेह मी मुंबईहूनच सोबत आणला होता. नवऱ्याची बदली झाली, त्याच्याबरोबर मी आले, भाषा शिकले, एका ऑफिसात कामाला लागले. मधुमेह आपला मुकाट्याने बरोबर चालत होता. आता त्याने डोळ्याच्या पडद्यावर, अगदी मधोमध, पाणी साठवलं होतं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी पडद्याचा आडवा छेद स्क्रीनवर दाखवला. मध्ये खळगा असायला हवा, तिथे चक्क टेकडी उभी होती.

"डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल," त्या म्हणाल्या.

"डोळ्याच्या आजूबाजूला ना?" मी आशेने विचारलं.

"नाही. डोळ्यात."

मी खुर्ची जरा मागे सरकवली. त्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. त्या एक अभ्यास करत होत्या. इंजेक्शनने सूज उतरते हे माहीत आहे, पण त्याच वेळी पडद्यातल्या रक्तप्रवाहाचं काय होतं, हे त्यांना बघायचं होतं. इंजेक्शनच्या आधी आणि नंतर माझ्या डोळ्यातला रक्तप्रवाह टिपला तर चालेल का? सुई नाही, शिरेत रंग टोचणं नाही, फक्त मंद लेझरचा प्रकाश. मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर, डोळ्यात सुई घ्यायचीच आहे तर निदान काहीतरी बघायला मिळेल, एवढाच विचार होता.

बाहुली मोठी करायचे थेंब घालून मला बाहेर बसवलं. शेजारी सत्तरी पार केलेल्या एक बाई बसल्या होत्या, लालभडक लिपस्टिक लावलेल्या, पाठीचा कणा ताठ. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हालाही डोळ्यात टोचणार?" मी मान हलवली. "मला तिसऱ्यांदा," त्या म्हणाल्या, अशा थाटात की जणू फुजी पर्वतावर तिसऱ्यांदा चढून आल्या होत्या. तरुणपणी त्या पर्यटकांच्या बसमध्ये गाईड होत्या. टोपी, हातमोजे, हातात माइक, आणि घाटातल्या वळणावळणावर गाणी. रक्तप्रवाहाच्या अभ्यासात त्याही होत्या, पण स्क्रीन नीट बघितली नव्हती. "म्हटलं, आपलंच रक्त, त्यात काय बघायचं!"

माझा नंबर आला. हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं, हिरव्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. "पापणी हलवू नका." काही सेकंद. झालं.

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. काळ्या पार्श्वभूमीवर रंगांचं एक झाड होतं. रक्त वेगाने वाहतं तिथे लाल, सावकाश वाहतं तिथे हिरवं-निळं. रक्तातल्या पेशी हलल्या की त्यांच्यावरून परतणारा लेझरचा प्रकाश चमचमतो. त्या चमचमीवरून यंत्र वेग ओळखतं, असं त्यांनी समजावलं. मी मान डोलावत होते, पण तेवढ्यात ते झाड हललं. लाल रंग उसळला, ओसरला. पुन्हा उसळला.

"हे काय होतंय?"

"तुमचं हृदय," डॉक्टर म्हणाल्या. "प्रत्येक ठोक्याला."

मी मराठीत ओरडले, "अगं बाई!" त्या दचकल्या. मी मनगटावर बोट ठेवलं आणि पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा, असं लहान मुलासारखं म्हणत राहिले. इतकी वर्षं हा माणूस, म्हणजे मी, आत असा न थांबता धडधडतोय, आणि त्याची मला खबर नाही! रिपोर्टातल्या साखरेच्या आकड्यांनी मला कायम नापास केलं होतं. इथे मात्र माझं शरीर नुसतं कामात होतं, मन लावून.

बाहेर येऊन मी त्या आजींना म्हणाले, "तुमचं बघाच. हट्ट करून बघा!" त्यांनी माझा हात धरला आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन मलाही आत नेलं. त्यांच्या उजव्या डोळ्याचं चित्र उमटलं. त्या स्क्रीनजवळ वाकल्या. मग खांदे मागे घेतले, हाताची मूठ तोंडाजवळ माइकसारखी धरली आणि एकदम वेगळाच, घंटेसारखा आवाज निघाला: "मंडळी, उजव्या हाताला जे लालभडक दिसतंय ते आपलं मोठं स्टेशन. सगळ्या गाड्या इथूनच सुटतात. डाव्या हाताला निळं, शांत गाव. तिथे सध्या पूर आला आहे, तरी सर्वांनी सबुरीने घ्यावं!"

डॉक्टरीणबाई हसता हसता खुर्चीत कलंडल्या.

इंजेक्शन त्याच दिवशी झालं. आठवड्याने दोघींना पुन्हा बोलावलं. माझी टेकडी बरीच खाली बसली होती. पण रक्तप्रवाहाच्या चित्रात लाल रंग आधीपेक्षा किंचित फिका वाटला. माझा चेहरा उतरला. "कमी झालाय?"

"थोडासा," डॉक्टर म्हणाल्या. "काही जणांत होतो, काहींत नाही. त्याचा अर्थ काय, चांगलं की काळजीचं, हेच तर शोधतोय. अजून आम्हाला पक्कं माहीत नाही."

"माहीत नाही" हे डॉक्टरच्या तोंडून ऐकून मी घाबरायला हवं होतं. उलट माझ्या अंगात उत्साह संचारला. ज्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणाकडेच नाही, त्याच्या ऐन मध्यात मी हनुवटी टेकवून बसले होते! घरी जाऊन हे इतकं सांगितलं की मुलगी जपानीत म्हणाली, "आई, कळलं, आता जेवू दे." आणि नवरा दोन दिवस विचारत होता, त्याचं हृदय डोळ्यात बघता येईल का. त्याला कसलाच आजार नाही, याचं त्याला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

आजींची सूज मात्र हट्टी निघाली. उतरायची, परत यायची. माझ्यापेक्षा जास्त वेळा त्यांना सुई घ्यावी लागली. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या गावचा पूर काही हटत नाही." मी त्यांचा हात धरून बसले. पुढे औषध बदललं आणि त्यांना नातवाचा चेहरा स्पष्ट दिसायला लागला. वाचायला भिंग लागतंच.

या वसंतात हॉस्पिटलात नव्या रुग्णांसाठी छोटी बैठक होती. डॉक्टरांनी आजींना बोलायला सांगितलं. आजी मला इंदो-सान, म्हणजे भारतबाई, म्हणायच्या. त्यांनी अट घातली, "इंदो-सान सोबत हवी." मी, जी ऑफिसातल्या मीटिंगमध्ये जपानी बोलताना घाम पुसते, ती तीसेक अनोळखी लोकांसमोर उभी राहिले. आजींनी स्टेशन आणि गाव दाखवून सगळ्यांना हसवलं. मागच्या रांगेतला एक माणूस मात्र हसला नव्हता. टोपी मांडीवर दाबून धरत त्याने मला विचारलं, "सुई आत जाते तेव्हा दिसतं काय?"

"सुई दिसत नाही," मी आजींकडून माइक घेऊन म्हणाले. "भूल दिलेली असते, नुसता दाब कळतो. पापण्या उघड्या धरणारा चिमटा जास्त त्रास देतो. मग औषध आत उतरतं, आणि पाण्यात शाई सोडावी तशा वळणावळणाच्या रेषा तरंगत जातात. खरं सांगू? सुंदर दिसतं."

"सुंदर?" त्याने विचारलं आणि टोपीवरची पकड सैल केली.

"सुंदर," आजी माइक माझ्या हातातून काढून घेत म्हणाल्या. "आणि तिकीट लागत नाही!"