इंजिन वर जात नाही

कुठल्याही गॅरेजात संध्याकाळी झाडू मारला की दोन-चार वॉशर सापडतातच. कुठल्या इंजिनाचे ते कळत नाही, आणि फेकवतही नाहीत. आमच्या वर्कशॉपमधले किस्सेही असेच साठत गेलेत. आज डबा उघडलाच आहे, तर थोडे काढतो.

मी संतोष, राहायला सानपाड्यात. आधी स्कूटर दुरुस्त करायचो. मग तळवलीच्या हिराजीकाकांकडे लागलो, तो आजपर्यंत तिथेच आहे. काका मूळ त्याच गावचे, खाडीकाठी वाढलेले. काम होडीच्या मागे टांगलेल्या इंजिनांचं, म्हणजे आउटबोर्डचं. ओहोटी लागली की खाडीत पाणी कमी आणि चिखल जास्त. तेव्हा इंजिन मागून वर उचलून घ्यावं लागतं, नाहीतर पंखा चिखलात रुततो. या उचलण्याला टिल्ट म्हणतात. बटण दाबलं की एक छोटी मोटर तेल ढकलते आणि तेलाच्या जोरावर इंजिन वर येतं.

म्हणजे यायला हवं. येत नाही म्हणून तर आमची चूल पेटते.

*

वाशीच्या एका साहेबांनी हौसेनं स्पीडबोट घेतली होती. ट्रेलरवर चढवून सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवलेली. एक दिवस त्यांचा फोन आला, इंजिन वर जात नाही. काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

"बटन दाबल्यावर आवाज काय येतो?"

"टिक," साहेब म्हणाले.

मागून वॉचमनचा आवाज आला, "नहीं साब, टक."

"टिकच आहे हो."

"साब, टक है."

काकांनी डोळे मिटले. म्हणाले, "साहेब, फोन वॉचमनला द्या."

पुढची दहा मिनिटं काका मोडक्या हिंदीत विचारत होते आणि वॉचमन एकेका वायरला हात लावून सांगत होता. ही गरम, ही थंड, ही हिरवी पडलीय. शेवटी काका मला म्हणाले, "चल, अर्थिंगची वायर सडलीय."

गेलो, तर खरंच तीच वायर. हात लावल्याबरोबर तुकडा हातात आला. साहेब एकदम खूश. "काका, नुसत्या फोनवर ओळखलंत?"

"मी नाय," काका म्हणाले, "तुमच्या वॉचमननी ओळखला. मी फकस्त इचारला."

पुढच्या वेळी साहेबांच्या नंबरवरून फोन आला तो थेट वॉचमनचाच होता.

*

एक इंजिनियर होते, नेरुळचे. माणूस हुशार, पण दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. टिल्टची मोटर घूं घूं फिरायची, इंजिन जागचं हलायचं नाही. त्यांनी पुस्तक वाचून आधी मोटरचा रिले-स्विच बदलला, मग तेल बदललं, मग मोटरच नवीन बसवली. इंजिन जिथल्या तिथे.

आम्ही गेलो तेव्हा त्यांनी टाइप केलेला रिपोर्ट काकांच्या हातात दिला. काकांनी तो वाचल्यासारखं केलं आणि माझ्याकडे दिला. मग वाकून, इंजिन होडीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या बाजूच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घातला आणि मनगट फिरवलं. तिथे एक स्क्रू असतो. बॅटरी मेली तर तो सैल करून इंजिन हातानं उचलता येतं. कुणीतरी तो सैल करून तसाच ठेवला होता, त्यामुळे तेल फिरून फिरून जागेवरच येत होतं.

बटण दाबलं. इंजिन लिफ्टसारखं वर.

"इतकंच?" इंजिनियर म्हणाले. "एक स्क्रू ढिला होता?"

त्यांच्या मिसेस चहा घेऊन उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "मी लग्नापासून हेच सांगतेय."

*

टिल्टच्या तेलात खारं पाणी शिरलं की ते दुधाळ होतं. काकांची पद्धत अशी, की तेल काचेच्या ग्लासात काढायचं आणि गिऱ्हाईकाला उजेडात दाखवायचं. म्हणजे मग पाणी अडवणारं रबरी सील का बदलायचं यावर भाषण द्यावं लागत नाही.

एकदा एक बिल्डर आले. त्यांच्या इंजिनातलं तेल काढून मी ग्लास टेबलावर ठेवला. रंग अगदी आमच्या नाक्यावरच्या चहासारखा. शेट फोनवर कुणालातरी झापत होते. बोलता बोलता त्यांनी ग्लास उचलला, दोनदा फुंकर मारली आणि ओठांकडे नेला.

मी जागच्या जागी थिजलो. काकांनी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं, अगदी हलकेच.

"शेट, थांबा. साकर घालाची रायलीय."

शेटनी ग्लासाकडे पाहिलं, वास घेतला आणि फोनवर म्हणाले, "मी तुला नंतर झापतो."

त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये चहा स्टीलच्या ग्लासात.

*

हा किस्सा माझा स्वतःचा आहे.

मी नवीन होतो. एका मोठ्या इंजिनाची तक्रार अशी, की वर जातं पण वर राहत नाही, हळूहळू खाली बसतं. तेल कुठून गळतंय ते बघायला मी, इंजिन वरच अडकवून ठेवणारा लॉक न लावता, खाली हात घातला. मागे उभ्या असलेल्या काकांनी बाजूचा सागवानी ओंडका उचलला आणि माझ्या हाताशेजारी उभा केला.

"कशाला काका? हळूहळू उतरतंय की."

माझं वाक्य संपलं आणि आतलं सील फुटलं. इंजिन सरळ ओंडक्यावर आलं. लाकडात दोन बोटं खोल खळगा पडला.

मी हात बाहेर ओढला. काका ओरडतील असं वाटलं, पण ते पाणी घेऊन आले. संध्याकाळी तो ओंडका पिशवीत घालून मला दिला. "घरी ने. बायकोला दाखव. तुला सांगून कलनार नाय."

बायकोनं खळग्यावरून हात फिरवला, मग माझ्या हातावरून. आजही मी दारातून निघालो की आतून विचारते, "लॉक लावणार ना?" शेजाऱ्यांना वाटतं, आमच्या घरात चोऱ्या होतात.

*

काकांच्या भाच्याचं, नितीनचं लग्न होतं. मुलगी खाडीपलीकडच्या गावची. नितीनला हौस, की वरात होडीतून न्यायची. होडीत नवरा, त्याची आई म्हणजे काकांची बहीण, काका, मी आणि सातआठ वऱ्हाडी. मोठा स्पीकर होडीच्याच बॅटरीला जोडलेला.

निघायला उशीर झाला. ओहोटी लागली होती. समोरचा धक्का हाकेच्या अंतरावर असताना पंखा चिखलात घुसला आणि इंजिन बंद पडलं. नितीननं टिल्टचं बटण दाबलं. काहीच नाही. गाण्यांनी बॅटरी पार संपवली होती.

"स्क्रू सैल करून हातानं उचलू," मी म्हणालो, "स्क्रूड्रायव्हर द्या."

काकांनी बहिणीकडे पाहिलं. बहीण दुसरीकडे बघायला लागली. भावानं लग्नात हत्यारं आणायची नाहीत, अशी शपथ तिनंच घातली होती.

धक्क्यावर मुलीकडचे ताटकळलेले. मुहूर्त जवळ आलेला. तेवढ्यात काकांची नजर नवऱ्याच्या हातातल्या कट्यारीवर गेली.

"दे इकरं."

"नवऱ्याच्या हातातशी कट्यार सुटाची नाय," आई म्हणाली.

"मंग त्यालाच झोपव."

आईनं टोकाचं लिंबू काढून पदरात घेतलं. नवरदेव शेरवानीसकट होडीच्या मागच्या फळीवर पालथा झाला, मुंडावळ्या पाण्यावर लोंबत होत्या, आणि त्यानं कट्यारीच्या टोकानं स्क्रू सैल केला. मग आम्ही चौघांनी इंजिनाला हात घातले. पण एकाचा जोर दुसऱ्याला मिळेना.

तिकडे मुहूर्ताची वेळ झाली. नवरा नजरेसमोर आहे ना, मग चालतंय, असं ठरवून भटजींनी धक्क्यावरच माइक हातात घेतला आणि मंगलाष्टकं सुरू केली.

काका म्हणाले, "आयका. सावधान बोलला का उचलाचा."

पहिल्या 'सावधान'ला इंजिन वीतभर उठलं. दुसऱ्याला हातभर. तिकडून अक्षता आमच्या दिशेनं येत होत्या आणि चिखलात पडत होत्या. तिसऱ्या 'सावधान'ला पंखा मोकळा झाला, मी लॉक लावला, बांबूनं रेटत रेटत आम्ही धक्का गाठला.

नितीन उतरला तो गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात कट्यार, कपाळाला ग्रीस. मुलीच्या वडिलांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि भटजींना हळूच विचारलं, "गुरुजी, लग्न कुठपर्यंत लागलं?"

भटजींनी माइक बाजूला केला.

"तीन मंगलाष्टकं इंजिनाला लागली. नवऱ्यासाठी पहिल्यापासून म्हणतो."