डावीकडची काच

आईचा फोन आला तेव्हा मी भोपाळच्या ऑफिसात डबा उघडत होते. "सुपडूमामा गेला गं," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "शिडीवरून पडला का?" आई म्हणाली, "नाही गं. खाटेवरच. जेवून आडवा झाला होता, चहाला हाक मारली तर उठलाच नाही." त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते. आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू आलं ते नंतर, बसच्या खिडकीतून गावाजवळचा असीरगढचा किल्ला दिसायला लागल्यावर.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. माझे वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून आम्ही बऱ्हाणपुरात त्याच्याच दोन खोल्यांत राहिलो. मामा आधी पॉवरलूमवर होता. तो कारखाना बंद पडला तेव्हा बाजारातल्या एका कापड दुकानदाराने त्याला दर्शनी काच पुसायला बोलावलं, आणि तोच त्याचा धंदा झाला. सायकलला शिडी बांधायची, हँडलला बादली अडकवायची, आणि दुकानं, दवाखाने, शाळा, जिथे काच असेल तिथे जायचं. लग्न त्याने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "रोज या शिडीला उचलून नेतो, अजून कोणाला उचलू?"

माझं काम रविवारी शिडीचा पाय धरायचं. मामा वर वायपर ओढायचा आणि मी खाली दोन्ही हातांनी शिडी दाबून उभी राहायचे. काच पुसून झाली की कुणी तिला हात लावलेला त्याला खपत नसे. "बोट!" असा वरूनच ओरडायचा. एकदा एका दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनाच ओरडला. त्या दचकल्या, मग हसत सुटल्या, आणि पुढे दर महिन्याला त्यांनी मामालाच बोलावलं.

आमच्या गावच्या पाण्याचा काचेवर पांढरा डाग राहतो. मामा गिऱ्हाइकाच्या घरचं पाणी कधी वापरायचा नाही. उन्हाळ्यात बँकेच्या मागच्या भिंतीशी, एसीच्या नळीखाली त्याचे डबे लावलेले असायचे. त्या पाण्याने पुसलेली काच वाळली तरी कोरी राहायची. एसी बंद असले की तो फिल्टरचं पाणी आणायचा, पण आपलं पाणी आपल्यासोबत, हा त्याचा नेम. हे पाणी सायकलवर वाहून वाहून पुढे त्याचे गुडघे बोलायला लागले.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. निकालाच्या दिवशी मामा पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्या गिऱ्हाइकांकडे गेला आणि प्रत्येक ठिकाणी निघताना काचेवरून फडक्याचा एक हात फिरवून आला. त्या दिवसापासून त्याने माझं नावच टाकलं. "ए बीकॉम, जेवलीस का? ए बीकॉम, रिक्षा घेऊ का चार चाकी, तू शिकलेली ना, सांग."

गुडघ्यांमुळे गाडी घ्यायची हे ठरलेलं होतं. कोणती, यावर आमचे दोन महिने गेले. शेवटी मी वहीत दोन रकाने पाडले. एकीकडे तीनचाकी लोडिंग रिक्षा, दुसरीकडे छोटी जुनी व्हॅन. शहराच्या जुन्या गल्ल्यांत कोणती वळेल, शिडी कुठे बसेल, पाणी किती मावेल, बिघडली तर गावात दुरुस्त कोण करेल... प्रत्येक ओळीत रिक्षाच जिंकत होती. रिक्षात चालवणाऱ्यापुरतीच जागा होती, पण तो मुद्दा मी वहीत लिहिला नाही. त्याचं कारण होतं. भोपाळच्या नोकरीचं पत्र येऊन चार दिवस झाले होते आणि फक्त आईला दाखवून मी ते पर्समध्ये ठेवलं होतं. मामाला कसं सांगावं हे मला कळत नव्हतं. एकच गोष्ट डोक्यात होती, याला एकट्याला पेलेल अशी गाडी मिळाली पाहिजे.

हायवेवर जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या अड्ड्यावर मामा सायकलला शिडी बांधूनच आला. विकणारा म्हणाला, "चाचा, गाडी देखने आए हो कि रंगाई-पुताई करने?"

"पहिले सीढ़ी बैठेगी," मामा म्हणाला, "फिर हम बैठेंगे."

खरंच त्याने शिडी रिक्षावर चढवून पाहिली. झकास बसली. मी म्हटलं, "झालं ना? हीच घे." मग त्याने एक मोठा ड्रम मागून घेतला, अर्धा भरून मागे ठेवला आणि मैदानात दोन चकरा मारल्या. उतरला तो मान हलवत. "वळणावर पाणी हलतं ना माय. ओढते गाडी."

"मग डबे ठेव छोटे. नाही हलणार."

"हलतं," तो म्हणाला, आणि सरळ व्हॅनकडे गेला. तिचा दरवाजा त्याने उघडून पाहिला, डावीकडचा. आत वाकून सीटवर हात दाबला, उभा राहिला, पुन्हा दाबला. शिडी व्हॅनच्या टपावर मागे हातभर बाहेर राहणार होती. त्याकडे त्याने बघितलंही नाही.

मी चिडले. "मामा, दोन सीट कायले पाहिजेत? एकट्यालाच तर फिरायचंय. उगाच चार चाकांचा शौक!"

"असू दे ना शौक," तो हसून म्हणाला. "एवढी वर्षं सायकल हाणली."

व्हॅन घेतली. पुढच्या आठवड्यात मी त्याला पत्र दाखवलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, मागची बाजू कोरी होती तीही, आणि म्हणाला, "बरं झालं. भोपाळला मोठ्या मोठ्या काचा असतील." बस, एवढंच.

व्हॅन गल्ल्यांत शिरत नव्हती. ती तोंडाशी लावून मामा पाण्याचे डबे हातांनी वाहायचा. शिडीचा पाय धरायला कुणी नव्हतं, म्हणून तो ती दोरीने खिडकीच्या गजाला बांधायचा. आई फोनवर हे सांगायची आणि मी भोपाळहून त्याला रागवायचे. "माझं ऐकलं असतंस तर..." तो म्हणायचा, "हो ना बीकॉम, चुकलंच." मागल्या दिवाळीत तीन दिवसांसाठी गेले होते. शेवटच्या सकाळी तो किल्ली बोटात फिरवत दारात उभा राहिला. "चलतेस का शाहपुरला? नवा दवाखाना झालाय, पुढची सगळी काच. रस्त्याला दोन्हीकडे केळीच केळी." माझे केस ओले होते, बॅग भरायची होती. म्हटलं, "पुढच्या वेळी, मामा." तो "बरं" म्हणाला आणि गेला. सांगावं असं आमच्यात त्यानंतर काही घडलं नाही.

तेरवी झाल्यावर आई भांडी आवरत होती. मी तिला म्हटलं, पत्राची गोष्ट मी त्याच्यापासून लपवली, गाडी घेऊन झाल्यावर सांगितली, ते मला टोचतं. आई ताट पुसता पुसता थांबली. "त्याला माहीत होतं. पत्र आलं त्याच संध्याकाळी मीच बोलले होते. म्हणाला, तिला सांगू नको, तिच्या तोंडून ऐकेन."

"मग व्हॅन का घेतली? मी जाणार हे माहीत असून?"

"म्हणाला, सुट्टीला तर येईल. तेव्हा काय मागे ड्रमावर बसवू तिला?"

विकणाऱ्याने व्हॅनसोबत देऊन टाकलेला तो ड्रम न्हाणीघराच्या कोपऱ्यात आहे. घरी उतरवल्यावर व्हॅनमध्ये तो पुन्हा कधी चढलाच नाही. मागे छोटे डबेच आहेत, एकात एक नीट बसवलेले, वर घडी घातलेली फडकी. वळणावर पाणी हलणार नाही असे.

भोपाळला परतायच्या सकाळी मी किल्ली घेतली आणि बाहेर जाऊन डावीकडे बसले, पहिल्यांदाच. सीटला मामाने नवं कव्हर घातलं होतं, त्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं, ते कर्र वाजलं. उजवीकडच्या सीटचं कापड फाटून आतला स्पंज दिसत होता. तिकडच्या काचेवर धूळ बसली होती, खाली चिखलाचे शिंतोडे होते. जगाच्या काचा पुसणाऱ्याला स्वतःच्या बाजूची काच पुसायला वेळ मिळाला नसेल. माझ्या बाजूची काच मात्र इतकी कोरी होती की ती खाली केलेली आहे की वर, तेच कळेना. पलीकडे समोरचं घर, दोरीवरचं धुणं, उन्हात बसलेली कुत्री... मधे काहीच नसल्यासारखं. एवढे दिवस गाडी उभी होती, तरी तिच्यावर धूळ असलीच तर नावाला.

काच आहे का ते पाहायला मी हात पुढे केला. होती, थंडगार. बोटाचा ठसा उमटला.

मी तशीच बसून राहिले, ओरडा ऐकायची वाट बघत.