डाव्या बाजूचा हॉर्न

आमच्याकडे होती ती गाडी कंपनीने बनवायची बंद केली, त्याला आता बरीच वर्षं झाली. बाबांनी ती विकली, नंतर बाबाही गेले. बदलापुरात कात्रपच्या आमच्या बिल्डिंगखाली ती जिथे उभी असायची तिथे हल्ली तीन स्कूटर लागतात.

मी जांभूळच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात नोकरी करतो. एका सुट्टीच्या दुपारी फोनवर काहीबाही शोधताना मला ऑनलाइन ज्ञानकोशात आमच्या गाडीवरचा लेख सापडला. मराठीत, दहाबारा ओळींचा. वाचून आनंद झाला आणि लगेच रागही आला, कारण गाडीची सगळ्यात मोठी खासियत त्यात नव्हतीच.

ती खासियत म्हणजे डावीकडचा हॉर्न. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी जो बसेल त्याच्यासाठी डॅशबोर्डखाली एक वेगळं बटण होतं. तिथे आई बसायची. बाबांचा हॉर्न जाड आवाजाचा, आईचा बारीक. मी मागे बसून दोन्ही ऐकत मोठा झालो. पुढे मित्रांच्या, सासुरवाडीच्या बऱ्याच गाड्यांतून फिरलो. एवढी साधी सोय बाकी कुठल्या कंपनीला सुचू नये, याचं मला नवल वाटायचं.

लेखावर ‘संपादन’ असं लिहिलेलं होतं. मी आजवर सोसायटीच्या फळ्यावरच्या नोटिशीतल्या ऱ्हस्व-दीर्घापलीकडे काही सुधारलेलं नव्हतं, तरी हात घातला. भाषा जड हवी म्हणून लिहिलं, ‘चालकाच्या शेजारी बसणाऱ्या व्यक्तीस स्वतंत्र भोंगा उपलब्ध असणे, हे या मोटारीचे वैशिष्ट्य होय. दोन्ही भोंग्यांचे स्वर भिन्न असत.’ बायकोला वाचून दाखवलं. भोंगा म्हणजे गिरणीचा वाटतोय, म्हणाली. मी तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर चहा पिताना पाहिलं तर माझी दोन्ही वाक्यं गायब. कोणा अनोळखी संपादकाने ती काढून चर्चेच्या पानावर निरोप ठेवला होता, की आपण दिलेल्या माहितीस विश्वसनीय संदर्भ जोडावा. मी वाक्यं परत टाकली आणि कळवलं, की मी स्वतः त्या गाडीत लहानाचा मोठा झालोय, आणखी काय संदर्भ पाहिजे? त्यांनी पुन्हा काढली. मी पुन्हा टाकली. चार-पाच दिवस हेच चाललं. ते गृहस्थ कधी चिडले नाहीत, याचा मला जास्त त्रास झाला. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘आपल्या आठवणींचा आदर आहे. मात्र आठवण हा संदर्भ होत नाही.’

हे वाक्य मला फार लागलं. पुरावा आणायचाच असं मी ठरवलं.

बाबा गाडीचं वायरिंगचं काम उल्हासनगरला एका सिंधी काकांकडे करून घ्यायचे. काका आता खूप थकलेत, तरी दुकानात येऊन बसतात आणि कुठलाही कागद टाकत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे. मी सांगितलं, त्या मॉडेलचं कंपनीचं माहितीपुस्तक पाहिजे. त्यांनी माळ्यावरून तीन गठ्ठे काढायला लावले आणि तिसऱ्यात ते निघालं. तेलाचे डाग पडलेलं, पण पानं शाबूत. मी उभ्याउभ्याच इलेक्ट्रिकचं पान उघडलं. नकाशात हॉर्न एकच होता. बटणही एकच.

मी काकांना म्हटलं, पुस्तक अपुरं दिसतंय, यात डावीकडचा हॉर्न छापायचा राहिलाय. काकांनी चष्मा काढला. आधी खांदे हलायला लागले, मग ते इतके हसले की मी त्यांना पाणी दिलं.

“बेटा, तो कंपनीचा नाय,” ते म्हणाले. “तो मी लावला. स्कूटरचा हॉर्न होता. तुझा बाप बोलला, घरी सांगू नको, कंपनीनेच बसवून दिला म्हणून मी सांगतो.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. आईला बाबांचं हॉर्न वाजवणं पुरेसं वाटत नसे. बदलापूर-अंबरनाथ रस्त्यावर वळण आलं की ती डावीकडून हात घालून स्टिअरिंगवरचा हॉर्न दाबायची. एकदा त्या ओढाताणीत गाडी सरळ उसाच्या रसाच्या गाडीपाशी जाऊन थांबली. रसवाल्याने त्यांना गिऱ्हाईक समजून दोन ग्लास भरले, दोघांनी ते मुकाट्याने पिऊन टाकले. दुसऱ्याच दिवशी बाबा काकांकडे गेले.

घरी परत येताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, हे आईला सांगायचं की नाही. इतकी वर्षं तिला खोटं सांगितलं गेलं होतं आणि सांगणारा आता नव्हता. पण माझ्या तोंडावर काही लपत नाही. आई वाल सोलत बसली होती. तिने काय झालं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं.

ती वाल सोलतच राहिली. “पहिल्याच दिवशी कळलं होतं मला,” ती म्हणाली. “दारावरच्या बेलचं बटण होतं ते. आपल्या दारावर तसंच होतं. गाडीची कंपनी कशाला बेल लावेल?”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“ह्यांनी एवढं करून घेतलं, वर कंपनीचं नाव सांगितलं. कसं बोलायचं? आणि मला हॉर्न मिळाला होता की.”

एवढं बोलून ती आत गेली, आणि बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. मी उठून मागोमाग गेलो नाही.

त्या संध्याकाळी मी चर्चेच्या पानावर माफी मागितली. स्कूटरचा हॉर्न, रसवाला, सगळं खरं लिहिलं. मला वाटलं, आता ते गृहस्थ एखादा नियम ऐकवतील. त्यांचं उत्तर आलं ते पहिल्यांदाच साध्या मराठीत होतं. त्यांच्या मामाकडे तीच गाडी होती. मागच्या दाराची काच अर्धीच खाली यायची, असं त्यांना पक्कं आठवत होतं, पण संदर्भ नव्हता म्हणून त्यांनी स्वतःच ते कधी लेखात घातलं नव्हतं. तुमच्या पुस्तकात बघाल का, असं त्यांनी विचारलं होतं.

पुस्तक काकांनी मला देऊन टाकलं होतं. मी दारांचं पान काढलं. काच अर्धीच उतरते असं त्यात स्पष्ट छापलेलं होतं. मी लेखात एक ओळ घातली, पुढे पुस्तकाचा आणि पानाचा संदर्भ जोडला. त्यांनी खाली ‘आभारी आहे’ एवढंच लिहिलं. मामा अजून आहेत का, हे विचारावंसं वाटलं होतं, पण मी विचारलं नाही.

काचेची ती ओळ अजून लेखात आहे. आईला मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा तिने पुन्हा एकदा वाचायला लावली.