मोहाखालची रिकामी जागा

देवरीकडच्या एका गावात आमच्या कॉलेजची मुलं सरकारी वृक्षलागवडीला गेली होती. मोहाच्या झाडांमधली रिकामी जागा रोपांसाठी निवडली होती आणि भोवती तारेचं कुंपण घालणं चालू होतं.

कुंपणाशी एक बाई टोपली पालथी घालून बसली होती. बोलताना तिचा हात सारखा जमिनीवरचा पाचोळा बाजूला सारायचा. दर उन्हाळ्यात, चैत्रात पडणारी मोहफुलं वेचण्यासाठी तीच ही जागा झाडून ठेवायची. म्हणूनच ती आम्हाला रिकामी दिसली होती.

"साहेब, टोपली घेऊन आत याले तारेत जागा ठेवा ना."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आईच्या वयाची बाई मला साहेब म्हणाली, तेव्हा मान खाली गेली. मी वनरक्षकाला जाऊन विचारलं.

"गेट मंजूर नाही. पाच साल बंद राहील."

मी तिला तसंच सांगितलं.

"तं मंग मोहाले सांगा साहेब, फुलं तारेच्या भायेर पाडाले."

मुलं हसली. मीही हसलो. ती हसली नाही.

शेवटची रोपं लावेपर्यंत तार ओढून झाली आणि आम्हीच आत राहिलो. तिने खालच्या तारेवर पाय दिला, वरची उचलून धरली.

"निघा बापू, सदरे फाटतील."

बाहेर आल्यावर मी तिच्यासाठी तार धरली.

"आता नोको," ती म्हणाली. "चैतात येजो."

मी हो म्हणालो. चैत्रात आमची परीक्षा असते.