नाडी न मोजता केलेला प्रवास

मंगळवेढा ते सोलापूर अंतर पंचावन्न किलोमीटर, एसटीने दीड तास. एवढा प्रवास माझी बायको सुनंदा सात महिने टाळत होती. बसमध्ये, पुढे घरीही, एकाएकी तिची छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, आता आपण मरतो असं वाटायचं. हृदयाच्या आणि थायरॉइडच्या तपासण्यांत काही निघालं नव्हतं. तिकडे जुळे सोलापुरात आमच्या लेकीला आठवा महिना लागला होता. डॉक्टरांनी तिला प्रवास नको सांगितलेला, म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेरानेच तिच्याकडे जायचं होतं. शेवटी सोलापूरच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली.

सव्वासातच्या गाडीत दाराजवळची जागा धरली. तिला मध्येच उतरावंसं वाटलं तर सोपं. काळ्या रानात ज्वारी निसवली होती (कणसं बाहेर पडली होती). बेगमपूरच्या पुलावर तिने माझा हात घट्ट धरला. मी नेहमीप्रमाणे घड्याळ लावून नाडी मोजली, एकशे अठरा, आणि वहीत लिहिली. थोड्या वेळाने पुन्हा मोजली.

मागच्या बाकावरच्या आजींनी विचारलं, "मालक डाक्टर हायत का तुमचं?"

"न्हाय वो, हेडक्लार्क हायत," सुनंदा घाम पुसत म्हणाली.

डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हा पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे घबराटीचे झटके, आणि तो बरा होण्यासारखा आहे, असं त्या म्हणाल्या. गोळ्या आहेत; गुण यायला काही आठवडे लागतात आणि आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. दुसरा उपाय समुपदेशनाचा. ज्याची भीती वाटते तिथे थोडंथोडं जायचं आणि भीती ओसरेपर्यंत थांबायचं. दोन्हींपैकी एक घ्या किंवा दोन्ही. सुनंदाने दोन्ही घेतले.

मग मी सात महिन्यांची वही पुढे केली. तारीख, वेळ, नाडी. एकही झटका सुटलेला नव्हता. बाईंनी ती मन लावून पाहिली आणि सुनंदाला विचारलं, हे नाडी मोजतात तेव्हा तुम्हाला काय वाटतं?

ती खाली बघत म्हणाली, "आकडा सांगत न्हाईत. मी ह्यांच्या तोंडाकडं बघते. वाटतं, संपलं आता."

मी वही मिटून पिशवीत टाकली. बाई रागावल्या नाहीत. मोजणं थांबवा, दाराची जागाही सोडा, झटका चढतो तसा आपणच उतरतो, एवढंच म्हणाल्या.

लेकीने दुपारी कडक भाकरी (वाळवून कुरकुरीत केलेली) आणि शेंगाचटणी वाढली. सुनंदा दोन घास जास्त जेवली.

परतीला मधल्या बाकावर बसलो. तिऱ्ह्याच्या पुढे तिला झटका आला. मी हात मांडीखाली दाबून धरले आणि खिडकीबाहेर पाहत राहिलो. कामती आल्यावर ती म्हणाली, "उतरलं." किती मिनिटं लागली, मला सांगता येणार नाही.

नंतरचे तीन आठवडे आम्ही रोज बेगमपूरला जाऊन परत आलो. ती मधल्या बाकावर, मी चार बाकं मागे. चौथ्या सोमवारी ती बॅग घेऊन लेकीकडे एकटीच निघाली. मला म्हणाली, "स्टँडपर्यंत या. गाडीत चढू नका."

गाडी वळून गेली. मी चालत घरी परतलो. सात महिने मी तिची भीती मापत होतो, आणि बरोबरीने माझीही तिच्या हवाली करत होतो. आज माझी भीती माझ्यापाशीच राहिली होती.

दीड तासाने फोन आला. "पोचले. वाटंत दोनदा आलं, दोनदा गेलं. तुमी जेवलासा का?"