मी संगणक फॉरमॅट करू दिला नाही

घरच्या एकाच संगणकावर मी दोन फायरवॉल बसवल्या होत्या, हे मी आजही लपवत नाही. ती चूक होती. पण मूर्खपणा नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धुळ्यात देवपूरला आमच्या दोन खोल्या होत्या. पुण्याच्या एका प्रकाशकाकडून दहावीच्या सराव प्रश्नपत्रिका टाइप करायचं काम मला मिळालं होतं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि त्या पदवीने मिळवून दिलेलं हे पहिलं काम. अटी दोन. प्रश्नपत्रिका फुटता कामा नयेत, म्हणून फ्लॉपीवरसुद्धा प्रत ठेवायची नाही. आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत सगळं ई-मेलने पोचलं पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल.

इंटरनेटवरून कोणी संगणकात शिरू नये म्हणून पहारा देणारं सॉफ्टवेअर म्हणजे फायरवॉल, एवढं मी एका मासिकात वाचलं होतं. मासिकाबरोबरच्या सीडीवर दोन वेगवेगळ्या फायरवॉल फुकट मिळाल्या. कोणती घ्यावी ते कळेना. माझे वडील, नाना, त्या आठवड्यात गावाहून आले होते. वेचलेला कापूस शेतात पडून असला की नाना दोन राखणदार ठेवत, तेही वेगवेगळ्या भावकीतले. एकाला कोणी फितवलं तर दुसरा बोभाटा करतो.

"एकच राखणदार ठेवा तर तोच मालक व्हई जास," नाना म्हणाले.

मला पटलं. दोन्ही बसवल्या.

त्यानंतर फोन लागायचा, मॉडेम नेहमीसारखा किरकिरायचा, जोडणी झाल्याचं पडद्यावर दिसायचं, पण ई-मेल काही जाईना. थोड्या वेळाने पडदाच गोठायचा. संगणक जळगावच्या एका दुकानातून घेतला होता. तिथला इंजिनिअर बुधवारी एसटीने आला आणि पडद्याकडे बघून हसला.

"ताई, दोन-दोन फायरवॉल? धुळ्यात कोण येतंय तुमचं चोरायला?"

"प्रश्नपत्रिका आहेत."

"असू द्या हो. फॉरमॅट मारतो, सगळं साफ होईल. आणि या दोन्ही परत टाकू नका."

"साफ म्हणजे माझं टायपिंगही?"

"ते करा की पुन्हा. दहावीचंच तर आहे."

दहा दिवसांचं काम होतं ते. शिवाय आमच्या घरात चोरण्यासारखं काही असूच शकत नाही, हे त्याने किती सहज ठरवून टाकलं होतं. मी नको म्हणाले. त्याने बॅग आवरली. "सोमवारी इकडे चक्कर आहे, तेव्हा बघू. तोवर हात लावू नका, आणखी बिघडेल."

मी हात लावला. दोन्ही फायरवॉल मधूनमधून इंग्रजीत इशारे दाखवायच्या आणि खाली विचारायच्या, परवानगी द्यायची का? आजवर मी समजेल न समजेल त्या प्रत्येकाला नाही म्हणत आले होते. आता शब्दकोश घेऊन एकेक इशारा वहीत उतरवला. गुरुवारी दुपारी उमगलं, पहिली दुसरीला घुसखोर समजत होती आणि दुसरी पहिलीला. मी दोघींनाही नाही म्हणून मोकळी झाले होते.

नानांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन्हीसनी ओयख करी दिन्ही का?"

नवीन राखणदार आला की नाना दोघांना समोरासमोर उभं करून ओळख करून देत, नाहीतर अंधारात एकाची काठी दुसऱ्याच्या डोक्यात बसायची. मी सेटिंगमध्ये जाऊन दोघींना एकमेकींची परवानगी दिली. पडदा गोठायचा थांबला. पण ई-मेल गेला नाही. माणसांना जमतं ते यांना जमणार नव्हतं. येणारं-जाणारं प्रत्येक अक्षर दोघींना आपल्याच हाताखालून जायला हवं होतं.

मग एक काढायची ठरवली. इशारे नीट समजावून सांगणारी ठेवली, नुसती ओरडणारी काढली. त्यासाठी फॉरमॅट लागला नाही. संगणक एकदा बंद करून चालू करावा लागला, एवढंच. शुक्रवारी दुपारी सगळ्या प्रश्नपत्रिका पुण्याला पोचल्या आणि संध्याकाळी पुढच्या कामाचा ई-मेल आला.

सोमवारी इंजिनिअर सीड्यांची चळत घेऊन दारात उभा राहिला.

"कोणाला बोलावलं होतं?" संगणक चालू बघून त्याने विचारलं.

"कोणाला नाही. दोन नकोत, हे तुमचं बरोबर होतं. एक काढली."

"दुसरीपण काढा ताई, उगाच मशीन जड होतं. सरका, मी काढून देतो."

"ती राहील."

"अहो, पण ठेवून करायचंय काय?"

मी खुर्चीवरून उठले नाही. पुढची प्रश्नपत्रिका अर्धी टाइप झाली होती. कॉटवर बसलेल्या नानांनी त्याला शेजारची जागा दाखवली.

"बठा भाऊ, चहा पी जा. तिन्हं काम चालू शे."