टॉवेलाखालचा कीबोर्ड

माझी सून ममता लग्न होऊन सारंगखेड्याला आली तेव्हा तिच्यासोबत कपाट आलं नाही, शिलाई मशीनही आलं नाही. आलं ते टाइपरायटरचं यंत्र. काळंकुट्ट आणि इतकं जड की दोन माणसांनी धरून टेम्पोतून उतरवलं. गल्लीतल्या बाया नवरी सोडून तेच बघायला गोळा झाल्या. शेजारच्या फुलीबाईनं विचारलं, "हाई काय दळस वं?"

घुंगटातून ममता म्हणाली, "कागद."

त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. अजून ती कागदच दळते आहे. शहाद्याला कोर्टाजवळ एका वकिलाचं ऑफिस आहे, तिथं ती टायपिंग करते. तापीच्या अलीकडची आणि पलीकडची किती भांडणं तिच्या बोटांखालून गेली असतील. बांधाची, विहिरीच्या पाळीची, भावाभावांच्या वाटणीची. कोणाच्या घरात काय शिजतंय ते तिला सगळं ठाऊक, पण घरी येऊन एक अक्षर बोलणार नाही. मी खोदून विचारलं तर म्हणते, "आई, तो कागद ऑफिसातच राहिला." मला तर सकाळची बातमी दुपारपर्यंतसुद्धा धरवत नाही.

सुट्टीच्या दिवशी ती घरी यंत्र चालवायची. दुपारची वेळ, मी ओट्यावर आडवी झालेली. टकटक, टकटक, आणि ओळ संपली की बारीकशी घंटी. अर्धवट झोपेत मला वाटायचं, कोणी तरी नदी ओलांडून येतंय. पाणी गुडघ्याएवढं आहे, ऊन मऊ आहे, घोडे एकामागं एक काठ चढताहेत आणि पुढच्याच्या गळ्यात घंटी आहे. कधी ते आमच्या अंगणात येईपर्यंत स्वप्न टिकायचं. कधी ममता कागद बदलायला थांबायची, तर सगळे घोडे पाण्यातच उभे, माझ्याकडं बघत.

मग कॉम्प्युटर आले आणि यंत्र माळ्यावर गेलं. त्यानंतर वकिलांनी लॅपटॉप घेतला. त्याची बटणं चपटी, उडदाच्या पापडासारखी. ममता म्हणायची, "अक्षर उमटलं की नाही ते बोटाला कळतच नाही, आई. म्हणून जोरात मारावं लागतं."

मागच्या पावसाळ्यात चिकनगुन्याची साथ आली. अर्धं गाव भिंत धरून चालत होतं. दिवाळीपर्यंत बाकीच्यांचे सांधे मोकळे झाले. ममताला विचारलं तर "मीपण बरी आहे" म्हणायची. पण मला दिसत होतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ती नुसत्या तळहातानं थापायची, बोटं वर उचलून, जणू त्यांचा त्या भाकरीशी काही संबंध नाही.

एक दिवस जेवताना तिनं सांगून टाकलं, "दत्ताची यात्रा झाली की काम सोडतेय. वकिलांना सांगून झालंय."

माझा मुलगा नवनीत मास्तर आहे. तो म्हणाला, "सोड. दमली असशील." मास्तरांना असं वाटतं की काम सोडलं की माणूस लगेच ताजातवाना होतो. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती दमलेली नव्हती. ती ताटातल्या मिठाकडं बघत होती.

नंतर एकटी असताना विचारलं, "बोटं दुखतात ना?"

"नाही."

"मग?"

"पुरे झालं, आई."

दुसऱ्यांचं इतकं पोटात ठेवणारी स्वतःचं मला सांगेल होय? मी माझ्या बहिणीच्या मुलाला, हेमकांतला, फोन लावला. लोणखेड्याला कॉलेजजवळ त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. सगळं ऐकून तो म्हणाला, "मावशी, लॅपटॉपले बाहेरथून कीबोर्ड लावता येस. वहिनीले गेमवाला ली दे."

"गेमवाला? ती काय आते खेळत बसनार शे का?"

"खेळनारा पोरं दिनभर बटनं कुटतस, मावशी. त्या कुटासाठेच बनाडेल शे तो."

"कितलाले?"

"चार हजार."

साधा कीबोर्ड तीनशेला मिळतो हे मलाही माहीत होतं. "अरे, इतलामा बकरीनं पिल्लू ई जाई!"

"बकरीवर टायपिंग व्हई का?" म्हणाला आणि हसत सुटला. पण यात्रा ऐन भरात असताना एका दुपारी आला खरा, पिशवीत तीन कीबोर्ड आणि एक माऊस घेऊन. ममता त्या दिवशी घरीच होती.

आमच्या ओट्यावर तेव्हा माझे धाकटे दीर भिला बसले होते. ममता त्यांना नाना म्हणते. त्यांचा सगळा जन्म यात्रेत घोड्यांची दलाली करण्यात गेला. आता गुडघे गेले, म्हणून बाजारात जात नाहीत, तर जाता जाता माणसंच घोडा घेऊन ओट्याशी येतात. नाना डोळे मिटून घोड्याच्या पायावरून हात फिरवतात आणि सांगतात, घे किंवा राहू दे. "लोके रंग दखतस, मी पाय दखस," म्हणतात. त्यांच्या बाजारात भावसुद्धा तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा कळवायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही.

हेमकांतनं पहिला कीबोर्ड स्वतःच्या लॅपटॉपला जोडला, तो साधाच होता. दुसरा जोडला आणि त्यात दिवे पेटले. लाल, हिरवे, निळे, एकामागं एक धावणारे, यात्रेतल्या मोठ्या पाळण्यासारखे. तिसऱ्यातही तसेच. ममता म्हणाली, "हेमकांतभाऊ, हे ऑफिसात लावलं तर पक्षकार आधी नारळ फोडतील." मग किमती ऐकल्या आणि हातही न लावता म्हणाली, "साधाच द्या. जायचे दिवस किती राहिलेत माझे तिथं?"

"बठ," नाना म्हणाले. "हात लावाबिगर कोनी घोडा लेस का?"

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, पण तो कीबोर्डाला पुरेना. मग दोरीवरचा टॉवेल ओढून टाकला. दिवे झाकले, किंमतही झाकली. ममताला त्याचं काय? अक्षरं तिच्या बोटांतच आहेत, बटणावर काय छापलंय ते तिनं कधीच वाचलेलं नाही. टॉवेलाखाली हात घालून ती तोंडपाठ वाटणीपत्र टाइप करू लागली.

पहिल्यावर तिला सवयीनं जोरात मारावं लागलं. कुठं अक्षर गळलं, कुठं दोनदा आलं. चार ओळींत थांबली.

दुसऱ्यावर बोटं ठेवली आणि मी सावरून बसले. टक्. टक् टक्. अगदी तोच आवाज, फक्त घंटी नाही. ममताचे डोळे मिटले. बाहेर गल्लीतून यात्रेचे घोडे जात होते, उन्हात धूळ तरंगत होती, आणि टॉवेल तिच्या हातांवर मंद हलत होता, जणू खाली काही जिवंत झोपलं आहे. एक पान भरलं. मला तर वाटलं, मी अजून चाळिशीची आहे आणि चुलीवर डाळ ठेवून आले आहे.

"हाच," ममता म्हणाली, डोळे न उघडता.

आता पसंती झाली म्हणजे भाव आला. नानांचा हात आपोआप टॉवेलाखाली गेला. हेमकांतला कळू न देता ममताला आकडा सांगायचा होता, म्हणून त्यांनी तिची तीन बोटं धरली आणि दलालाच्या जोरानं आवळली.

ममता अशी किंचाळली की गल्लीतला एक घोडा मागच्या पायांवर उभा राहिला.

नानांनी टॉवेल ओढला. पन्नास वर्षं रुमालाखाली त्यांना बाजारातलेच हात भेटले होते, हा हात घरातला आहे हे ध्यानातच आलं नाही. आणि आता तो हात आम्हां सगळ्यांसमोर उघडा होता. सांध्यासांध्यावर हळकुंडासारख्या गाठी. फक्त एक पान टाइप केलं होतं, पण बोटं थरथरत होती.

"कव्हयपासून?" नानांनी विचारलं.

"पावसाळ्यापासून."

"आनि म्हनून काम सोडी ऱ्हायनी?"

ममतानं हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "दोन पानं झाली की हात बंद पडतो, नाना. वकील ओरडत नाहीत. पण उरलेली पानं मला न सांगता बाहेरून करून आणायला लागलेत. मी गठ्ठ्यात पाहिली. अठ्ठावीस वर्षांत माझ्या गठ्ठ्यात दुसऱ्याचं पान नव्हतं. त्यांनी नको म्हणण्याआधी आपण उठलेलं बरं."

नानांचं तोंड शिंगराच्या पायावर पाय पडल्यासारखं झालं. ते बघून तीच हसली. "काय भाव सांगत होतात?"

"तीन हजार."

"त्यासाठी एवढा जोर?"

"जोर दिधावर भाव उतरस," नाना पुटपुटले, आणि मग त्यांनी टॉवेल पुन्हा पसरला. "तिसरा ऱ्हायना."

तिला तो नको होता. तिचा जीव दुसऱ्यात अडकला होता. पण हेमकांतनं समजावलं की दुसऱ्याचं बटण कडक आहे. खाली जाताना ते एका खाचेवरून उतरतं, म्हणूनच तो आवाज येतो. तिसराही गेमवालाच, हजारानं स्वस्त, पण बटण हलकं. अर्धं दाबलं की अक्षर उमटतं. घाईत खेळणारी मुलं तेच नेतात.

ममतानं हात ठेवले आणि कपाळाला आठी पडली. "यात काहीच नाही." खरंच नव्हतं. झाडावरून पान पडावं इतकाच आवाज. पण तिचे हात थांबेनात. ऊन ओट्याच्या दुसऱ्या फरशीवर गेलं, मग तिसऱ्या. बोटं बटणाच्या तळाला जातच नव्हती, पाण्यावर ठेवावीत आणि पाण्यानं धरून ठेवावीत तशी वरच्या वर. पडद्यावर वाटणी होत राहिली, पूर्वेचं शेत थोरल्याला, विहीर दोघांत. नाना पडद्याकडं बघत नव्हते. ते तिच्या मनगटाकडं बघत होते. तिसरं पान संपलं तेव्हा म्हणाले, "दखाड हात."

तिनं पंजा पुढं केला. गाठी होत्या तशाच, पण थरथर नव्हती.

ममता दुसऱ्या कीबोर्डाकडं बघत राहिली. "याला आवाज नाही हो," ती तिसऱ्याबद्दल म्हणाली, कोणी तरी तिला फसवलं असल्यासारखी. मलाही सांगावंसं वाटत होतं की आवाजवालाच घे गं, बघू पुढचं पुढं. माझे घोडे काठाशी येऊन थांबले होते. पण मी तोंड बंद ठेवलं. आवाज मला हवा होता, बोटं तिची होती.

"हा द्या," तिनं तिसऱ्यावर हात ठेवला. "आणि दिवे बंद करून द्या."

हेमकांतनं माऊसही पुढं सरकवला, कडेला सात बटणं असलेला. ममतानं जरासा हलवला तर पडद्यावरचा बाण ह्या टोकाहून त्या टोकाला पळाला. "हे न शिकवलेलं शिंगरू आहे. माझी कामं अक्षरांची, उघडायला आणि छापायला जुना पुरतो." माऊस परत पिशवीत गेला.

हल्ली बाया मला विचारतात, एवढ्या महागाचं घेतलं, वसूल झालं का? मी म्हणते, ज्याचा दिवस बटणांवर जातो त्यानं बटणाला पैसे द्यावेत. दिव्यांना देऊ नयेत. आणि आधी तीन पानं टाइप करून मग बोलावं, एका पानावर भुलू नये. आमची भुलणारच होती.

त्या संध्याकाळी ममतानं वकिलांना फोन केला. मी लसूण सोलत शेजारी बसले होते, मुद्दाम.

"सर, ममता. सोमवारी येतेय. नाही, हिशेब करायला नाही, कामाला. माझा कीबोर्ड मी आणतेय. पण तासाभरानं दहा मिनिटं माझे हात खाली राहतील. आणि पानं बाहेर द्यायची झाली तर आधी मला सांगायचं, कोणती द्यायची ते मी ठरवीन."

माझी लसणाची पाकळी हातातच राहिली. मग वकिलांचा आवाज आला, "बरं. पण लवकर या बाई, त्या बाहेरच्यानं सगळ्या गटनंबरांचा घोळ घातलाय."

सोमवारी पहाटे तापीवर धुकं होतं. यात्रेतून निघालेले घोडे पुलावरून जात होते, पाय दिसत नव्हते, नुसत्या माना वाहत गेल्यासारख्या. ममता न्हाणीपाशी कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसली होती. बोटं अजूनही सकाळी मिटलेलीच असतात. वाफ तिच्या तोंडावर येत होती. आधी अंगठा सैल झाला, मग पहिलं बोट, मग मधलं. करंगळीला फार वेळ लागला.

"उघडली," ती म्हणाली, हात पदराला पुसले आणि शहाद्याच्या बससाठी निघाली.